विचारायचं कसं, हे कोण बघणार?

मंडळी, इंदूर-उज्जैन-देवास-धारकडचा भाग मिळून मेट्रोपॉलिटन रिजन (एकत्र नियोजनाचं महानगर क्षेत्र) होणार, 2025 मध्ये मध्य प्रदेश विधानसभेत कायदाही पास झाला, आणि आमच्या रहवासी संघाच्या ग्रुपवर चर्चा काय, तर प्लॉटचे भाव किती चढणार! अरे पण रस्ता कोणाच्या शेतातून जाणार, कारखाने कुठे येणार, हे आपल्याला कोणी विचारणार आहे की नाही?

विचारतात म्हणे. 1973 च्या नगर तथा ग्राम निवेश (म्हणजे शहर-गाव नियोजनाच्या) कायद्यात ड्राफ्ट प्लॅनवर दावे-आपत्तींसाठी (म्हणजे हरकतींसाठी) 30 दिवस आहेतच. पण ती नोटीस वाचलीये कधी? पेपरच्या आतल्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात, नुसते खसरा नंबर (जमिनीचे सर्व्हे नंबर). आणि नकाशा बघायला ऑफिसात जावं तर तो भिंतीवर इतका उंच टांगलेला की आपली गल्ली शोधायला स्टूल लागेल. लेखी आपत्ती दिली की शिक्का मारून पावती देतात, पुढे तिचं काय झालं ते देव जाणे.

गंमत म्हणजे त्याच 1973 साली अमेरिकेतल्या ओरेगन राज्यानेही जमीन-नियोजनाचा कायदा केला आणि त्याखाली जी उद्दिष्टं ठरवली त्यात पहिलंच नागरिकांच्या सहभागाचं, त्यासाठी ठिकठिकाणी नागरिक समित्या. ही समिती रस्ता कुठून जावा ते ठरवत नाही, लोकांना नीट विचारलं जातंय का एवढंच बघते. पोर्टलंडची 'मेट्रो' (रेल्वे नाही हो, 24 शहरं आणि 3 काउंट्यांचं निवडून आलेलं सरकार आहे ते) तिच्या 1992 च्या चार्टरमध्येच अशा समितीची सोय केलेली.

आपल्या घटनेतही मेट्रोपॉलिटन नियोजन समिती आहे, त्यात किमान दोन तृतीयांश मेंबर पार्षद (नगरसेवक) नि पंचायतींच्या प्रमुखांमधून निवडायचे. छान आहे. पण मला विचारलं की नाही हे पार्षदच कसा तपासणार? मंगळवारच्या जनसुनवाईत (अधिकाऱ्यांसमोर तक्रारी मांडायची बैठक) गाऱ्हाणं मांडता येतं, पण ते माझ्या नळाचं, वीस वर्षांच्या नकाशाचं नाही.

इंदूरची बीआरटीएस (बससाठी वेगळी लेन) बघा ना, 2013 ला सुरू झाली, 2025 मध्ये हायकोर्टाने काढायला सांगितली. मला तर ती बस आवडायची, पण रोज बसने जाणाऱ्यांना आधी किंवा नंतर कोणी धड विचारलं का?

म्हणून लोकांना विचारतात की नाही ते बघणारी अशी नागरिक समिती आपल्याकडेही हवी. आता म्हणाल, समिती म्हणजे तीच चार रिटायर्ड डोकी आणि पोहे-जिलेबी. होईल तसं, म्हणून मेंबर दर दोन वर्षांनी बदला, सांवेर-देपालपूरचे शेतकरी घ्या, प्रत्येक आपत्तीला लेखी उत्तर सक्तीचं करा आणि पीथमपूरच्या कामगाराला यायला जमेल अशी मीटिंग शिफ्ट सुटल्यावर ठेवा, सकाळी 11 ला नको.