अनुदानाचा हिशेब फलकावर लावणे हा गुन्हा नाही

माझे मामा लालबागमधल्या एका सार्वजनिक वाचनालयाचे गेली १९ वर्षे कोषाध्यक्ष आहेत. वर्तमानपत्रांच्या तिरक्या टेबलांशेजारी जो सूचनाफलक आहे, त्याच्या उजव्या कोपऱ्यात दरवर्षी वार्षिक सभेनंतर ते जमाखर्चाचे पत्रक लावत आले आहेत. पत्रकातल्या ‘शासकीय अनुदान’ या ओळीखाली ते निळ्या शाईने दोन्ही हप्त्यांच्या आदेशांचे क्रमांक आणि तारखा लिहितात, कारण वाचायला आलेल्या माणसाला त्यासाठी विचारायची वेळ येऊ नये असे त्यांचे म्हणणे असते. गेल्या रविवारी मी गेले तेव्हा त्या कोपऱ्यात नुसत्या चार टाचण्या उरल्या होत्या. पत्रक मामांनी काढून कपाटात ठेवले होते, आणि कारण विचारल्यावर त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला.

‘सर्व ट्रस्ट, मंडळे, वाचनालये व महिला मंडळांनी सावध राहावे’ अशी सुरुवात असलेला तो संदेश मुंबईतल्या संस्थांच्या गटांमध्ये फिरतो आहे, आणि त्याच्या डोक्यावर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ अशी खूणही आहे. त्यात पाच गोष्टी ठासून सांगितल्या आहेत. नव्या डेटा संरक्षण कायद्यामुळे अनुदानाची माहिती जाहीर करणे हा गुन्हा ठरला असून त्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. नोंदणीकृत संस्था खाजगी असल्यामुळे तिच्या अनुदानाला माहिती अधिकार लागूच होत नाही. लेखापरीक्षण झाले की हिशेबाचा विषय संपतो. माहिती मागणाऱ्याने कारण दिल्याशिवाय त्याला उत्तर देऊ नये. आणि अशी माहिती मागणारे बहुतेक लोक खंडणीखोर असतात. कोणत्याही वाक्याला कायद्याच्या कलमाचा आधार नाही आणि खाली कोणाचे नाव नाही. तरीही संस्थेचा एक रुपया देताना दोनदा मोजणाऱ्या ७४ वर्षांच्या माणसाने तो वाचला आणि रात्रभर झोप लागली नाही म्हणून सकाळी फलकावरचा कागद उतरवला. मला राग आला तो यासाठी.

२५० कोटींपासूनच सुरुवात करते, कारण घाबरवण्याचे काम त्या आकड्याने केले आहे. तो आकडा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या अनुसूचीत आहे, हे खरे. पण लोकांचा वैयक्तिक डेटा आपल्याकडे असताना त्याची गळती होऊ नये म्हणून वाजवी सुरक्षाव्यवस्था न ठेवणाऱ्यासाठी ती कमाल मर्यादा आहे. अनुदानाचा हिशेब दाखवणाऱ्याशी तिचा संबंध नाही. शिवाय त्या कायद्यात तुरुंगवासाची शिक्षाच नाही, त्यामुळे संदेशातला ‘गुन्हा’ हा शब्दही पदरचा घातलेला आहे. आणि ज्या वैयक्तिक डेटाचे तो कायदा रक्षण करतो, तो हाडामासाच्या, ओळखता येणाऱ्या माणसाविषयीचा डेटा आहे. वाचनालय, महिला मंडळ किंवा व्यायामशाळा ही अशी व्यक्ती नव्हे. वाचनालयाला किती रुपये अनुदान मिळाले, कोणत्या आदेशाने मिळाले आणि ते पुस्तकांवर किती, वेतनावर किती खर्च झाले, यात कोणाचाही वैयक्तिक डेटा उघड होत नाही. याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात आणखी स्पष्ट सांगितले आहे की, अन्य एखाद्या कायद्याने जो वैयक्तिक डेटा जाहीर करण्याचे बंधन आहे आणि जो त्यानुसार जाहीर झाला आहे, त्याला हा कायदा लागू होत नाही. ज्या कायद्याचे नाव घेऊन लोकांना कागद लपवायला लावले जात आहे, तोच कायदा असे कागद आपल्या कक्षेबाहेर ठेवतो.

यात एक गोष्ट मला नाइलाजाने मान्य करावी लागेल. याच कायद्याच्या कलम ४४ ने माहिती अधिकार अधिनियमातले वैयक्तिक माहितीबाबतचे कलम बदलले, आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आला आहे. पूर्वी ज्या वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी किंवा हिताशी संबंध नाही, किंवा जी उघड केल्याने कोणाच्या खाजगीपणावर विनाकारण अतिक्रमण होईल, तेवढीच नाकारता येत असे, आणि जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येणार नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असे तिथे लिहिलेले होते; आता वैयक्तिक माहिती एवढे कारण पुरते. हा बदल वाईट आहे, त्याने एखाद्या व्यक्तीच्या नावाशी जोडलेली माहिती मिळवणे अवघड झाले आहे, आणि तो मागे घेतला जावा असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु सार्वजनिक हित मोठे असेल तर माहिती देता येते, हे कलम ८(२) जागेवर आहे, आणि संस्थेच्या अनुदानाची रक्कम आधीही वैयक्तिक नव्हती, आजही नाही. मामांच्या पत्रकात ग्रंथपाल आणि शिपाई यांची नावे आणि पगार लिहिलेले असत. तिथे नावाऐवजी पद लिहावे, एवढीच दुरुस्ती मी त्यांना सुचवली.

‘संस्था खाजगी, म्हणून माहिती अधिकार लागू नाही’ हा दावा अर्धा खरा आहे, आणि म्हणूनच तो लोकांना पटतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये केरळमधल्या थलप्पलम सहकारी बँकेच्या प्रकरणात सांगितले की केवळ नोंदणी, सरकारी देखरेख किंवा थोडीफार सवलत यांमुळे एखादी संस्था सार्वजनिक प्राधिकरण, म्हणजे माहिती अधिकाराखाली माहिती द्यायला बांधलेली संस्था, ठरत नाही. पुढे १७ सप्टेंबर २०१९ रोजी डी. ए. व्ही. कॉलेज ट्रस्टच्या प्रकरणात न्यायमूर्ती दीपक गुप्ता आणि न्यायमूर्ती अनिरुद्ध बोस यांनी याच प्रश्नाची दुसरी बाजू मांडली. सरकारकडून भरीव अर्थसाहाय्य मिळणारी बिगरसरकारी संस्था माहिती अधिकाराखाली येते, आणि भरीव म्हणजे निम्म्याहून जास्त असलेच पाहिजे असे नाही. दहा हजारांचे एकूण भांडवल असलेल्या लहान संस्थेला पाच हजारांचे अनुदान मिळाले तर ते भरीव म्हणता येणार नाही, पण शेकडो कोटी घेणाऱ्या संस्थेत सरकारचा वाटा ५० टक्क्यांहून कमी असला तरी ती या कायद्यात येऊ शकते, असे उदाहरणच निकालात आहे. शहरातली जमीन फुकट किंवा मोठ्या सवलतीत मिळणे हेही भरीव साहाय्य ठरू शकते, असेही न्यायालय म्हणते. मुंबईत जागेचा भाव काय आहे हे ज्याला माहीत आहे, त्याला या वाक्याचे वजन वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

तेव्हा लहान वाचनालयाने माहितीच्या अर्जांना उत्तर देणारा जन माहिती अधिकारी स्वतः नेमावा असे कोणी म्हणत नाही. पण संदेश लिहिणाऱ्याने इथे एक मोठी गोष्ट झाकली आहे. अनुदान जाहीर करण्याचे बंधन सर्वांत आधी देणाऱ्यावर आहे, घेणाऱ्यावर नाही. अनुदान देणारे खाते, संचालनालय किंवा महापालिका ही निर्विवाद सार्वजनिक प्राधिकरणे आहेत, आणि माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ प्रमाणे त्यांनी कोणी मागण्याची वाट न पाहता १७ बाबी प्रसिद्ध करायच्या आहेत. त्यांत अनुदान योजनांची अंमलबजावणी कशी होते, त्यांसाठी किती रक्कम दिली आणि लाभ कोणाला मिळाला, हे आहे. केंद्राच्या कार्मिक विभागाने १५ एप्रिल २०१३ रोजी आपल्या कार्यालयांसाठी जे मार्गदर्शक आदेश काढले, त्यांत याहून नेमके लिहिले आहे: राज्यांना, बिगरसरकारी संस्थांना आणि इतर संस्थांना दिलेली सर्व अनुदाने, मग ती ऐच्छिक असोत वा नसोत, त्या खात्याच्या संकेतस्थळावर असावीत, आणि अनुदान घेणाऱ्या संस्थांचे वार्षिक हिशेबही तिथे पाहायला मिळावेत. तो आदेश केंद्राच्या कार्यालयांना आहे, राज्याला थेट लागू नाही. पण कलम ४ राज्याला, महापालिकेला आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला तितकेच लागू आहे. अनुदानाची यादी उघड करणे ‘बेकायदा’ असते, तर केंद्र सरकारने असा आदेश काढलाच कसा असता?

मी हे पुस्तकातून सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी एका शासकीय कार्यालयाने आमच्या विभागातल्या संस्थांना दिलेल्या अनुदानाचे आदेश मी मागितले होते. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज केला आणि महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे दीडशे शब्दांच्या आत, एकाच विषयापुरता ठेवला. २६ व्या दिवशी उत्तर आले की ‘संबंधित संस्थांची संमती नसल्याने माहिती देता येत नाही’. हे उत्तर चुकीचे होते. त्रयस्थ पक्षाने गोपनीय म्हणून दिलेली माहिती असेल तर कलम ११ प्रमाणे त्याला पाच दिवसांत नोटीस द्यायची असते आणि म्हणणे मांडायला दहा दिवस द्यायचे असतात. त्याचे म्हणणे विचारात घ्यायचे असते, पण त्याला नकाराधिकार नाही. आणि सरकारने स्वतः काढलेला आदेश हा त्रयस्थाने दिलेला कागद तर मुळीच नव्हे. वीस रुपयांच्या स्टॅम्पावर प्रथम अपील केले आणि सुनावणी दहा मिनिटांत संपली. दोन रुपये पानाप्रमाणे चार रुपये भरून मी दोन पाने घेऊन बाहेर पडले. त्या दोन पानांवर संस्थांची नावे, रकमा आणि प्रयोजने होती. ती संकेतस्थळावर असती तर माझे तीन महिने आणि त्या कार्यालयातल्या दोन कर्मचाऱ्यांचा वेळ वाचला असता.

लेखापरीक्षणाचा दावा करणाऱ्याला लेखापरीक्षण म्हणजे काय हे माहीत नसावे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या न्यासाचा ताळेबंद अनुसूची ८ मध्ये आणि उत्पन्न-खर्च पत्रक अनुसूची ९ मध्ये तयार होते, आणि लेखापरीक्षकाचा अहवाल धर्मादाय कार्यालयात जातो. पावत्या आणि नोंदी जुळतात की नाही हे त्यातून कळते. अनुदानाच्या पैशांतून घेतलेले संगणक मुलांनी वापरले की खोक्यांतच राहिले, हे पावतीवर लिहिलेले नसते. ते कळते वाचनालयात, बालवाडीत रोज येणाऱ्या माणसाला, आणि त्याने विचारायचे तर आधी त्याला संगणकांसाठी पैसे आले होते एवढे तरी माहीत असायला हवे. शिवाय धर्मादाय कार्यालयात दाखल झालेली पत्रके ही सरकारी अभिलेखाचा भाग होतात. खाजगी संस्थेविषयीची जी माहिती सार्वजनिक प्राधिकरणाला अन्य कायद्याने मिळवता येते, तीही माहिती अधिकारातल्या ‘माहिती’ या शब्दात मोडते.

कारण सांगण्याच्या अटीविषयी एकच वाक्य पुरे: कलम ६(२) प्रमाणे अर्जदाराकडे कारण मागता येत नाही.

उरला खंडणीचा आरोप. असे लोक आहेत. अर्जावर अर्ज टाकून समोरच्याला जेरीस आणणारी आणि मग ‘मिटवून घ्या’ म्हणून निरोप पाठवणारी माणसे या शहरात आहेत, आणि त्यांचा त्रास झालेला एक सचिव मी जवळून पाहिला आहे. त्यांच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार करावी. पण अशा माणसाचा सगळा धंदा कागद बंद असण्यावर चालतो. आदेश संकेतस्थळावर आणि हिशेब फलकावर असेल, तर ‘तुमचे बाहेर काढीन’ ही धमकी द्यायला त्याच्याकडे काही उरत नाही. संदेश नेमका उलटा सल्ला देतो आणि प्रामाणिक कोषाध्यक्षालाच कागद लपवणाऱ्याच्या रांगेत नेऊन उभा करतो.

संदेशात वर्गणी आणि अनुदान यांचीही सरमिसळ केली आहे. चाळीतल्या घराघरांतून जमलेल्या वर्गणीचा हिशेब वर्गणीदारांना द्यायचा असतो, आणि दात्यांची नावे जगजाहीर करा असे इथे कोणीच म्हटलेले नाही. सरकारी अनुदान मात्र सगळ्यांच्या करातून येते. २०२५ साली गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा मिळाला, त्या वर्षी राज्य सरकारने १,८०० भजनी मंडळांना प्रत्येकी २५ हजार रुपये देण्याचे जाहीर केले. म्हणजे एकूण साडेचार कोटी रुपये. माझ्या माहितीतल्या मंडळांना ते मिळाले तर मला आनंदच होईल, आणि कोणत्या मंडळांना मिळाले याची यादी पाहण्याचा हक्क परळच्या मंडळाइतकाच गडचिरोलीच्या मंडळालाही आहे, कारण यादी पाहिल्याशिवाय आपला अर्ज का राहिला हे त्याला कळणार नाही.

मामांना मी हे सगळे तोंडी सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, “तुझे पटते ग, पण कार्यकारिणीत चार जणांना तो संदेश पाठ झाला आहे. मला कागदावर दे.” म्हणून हे लिहिले आहे. कलम ४ आणि २०१९ च्या निकालातले उदाहरण मोठ्या अक्षरांत छापून मी त्यांच्याकडे दिले आहे. नव्या पत्रकात ग्रंथपाल आणि शिपाई यांच्या नावांऐवजी पदे लिहिली आहेत, आणि अनुदानाच्या ओळीखाली दोन्ही आदेशांचे क्रमांक निळ्या शाईने पुन्हा लिहून झाले आहेत. कार्यकारिणीची सभा येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आहे.