मुक्तिफौजेचं ऋण आणि मुक्तिफौजेला प्रश्न

२०२० मध्ये आमच्या आत्याला कोरोना झाला तेव्हा तिला नगरच्या बूथ हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं. घरचं कुणी जवळ जाऊ शकत नव्हतं. तिथल्या एका सिस्टरने तिची वेणी घालून दिली, हे ती आजही सांगते. औषधांची नावं विसरली, ती वेणी विसरली नाही. त्यामुळे आज जे लिहितोय ते कृतज्ञतेनेच लिहितोय.

हे हॉस्पिटल मुक्तिफौजेचं, आणि त्याला नाव आहे इव्हांजेलिन बूथ यांचं. १९३४ मध्ये त्या मुक्तिफौजेच्या, म्हणजे साल्वेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेच्या, पहिल्या महिला जनरल, म्हणजे प्रमुख, झाल्या. त्यांचे आईवडील कॅथरिन आणि विल्यम बूथ यांनी १८६५ मध्ये पूर्व लंडनच्या गरीब वस्तीत काम सुरू केलं. 'फौज' हे नाव आलं १८७८ मध्ये. बाईने धर्मसभेत बोलणंच लोकांना खपत नव्हतं, त्या काळात कॅथरिन प्रवचनं देत होत्या.

या सगळ्या इतिहासातली मला सर्वात आवडणारी गोष्ट काडेपेटीची आहे. तेव्हा काड्यांच्या गुलात पांढरा फॉस्फरस असायचा, कारण तो स्वस्त. कारखान्यातल्या बायामुलींच्या जबड्याचं हाड त्याने सडायचं. १८८८ मध्ये लंडनच्या बो भागातल्या कामगार मुलींनी संप केला, मजुरीच्या आणि दंडाच्या प्रश्नावर जिंकल्याही, पण फॉस्फरस राहिलाच. मग १८९१ मध्ये मुक्तिफौजेने जवळच स्वतःचा कारखाना काढला. लाल फॉस्फरस, हवेशीर जागा, आणि बाजारभावापेक्षा जास्त मजुरी. काडेपेटी महाग पडायची, तरी लोकांनी मुद्दाम तीच मागावी म्हणून प्रचार केला. हा कारखाना फार वर्षं चालला नाही. पण १९०१ पर्यंत, जिथे संप झाला होता त्या मोठ्या कंपनीनेही पांढरा फॉस्फरस सोडला, आणि १९०८ मध्ये ब्रिटनमध्ये बंदीचा कायदा झाला. सडलेल्या जबड्यांसाठी दवाखाना काढणंही पुण्याचंच झालं असतं. यांनी जबडा सडवणारा माल बदलायला घेतला. समाजसेवा म्हणतात ती मला इथे दिसते.

विल्यम बूथ लंडनच्या घोडागाडीच्या घोड्याचा दाखला द्यायचे. घोडा रस्त्यात पडला तर त्याला आधी उठवतात, कुणाच्या चुकीने पडला ते विचारत बसत नाहीत. त्याला रात्री निवारा मिळतो, चारा मिळतो, काम मिळतं. माणसाला निदान एवढं तरी मिळावं, ही त्यांची मागणी होती.

आता भारतात या. १८८२ च्या सप्टेंबरमध्ये फ्रेडरिक टकर तीन सोबत्यांसह मुंबईत उतरले. हा माणूस सरकारी नोकरीतला बडा अधिकारी होता. ती सोडली, 'फकीर सिंग' झाला, भगवे कपडे घालून अनवाणी फिरला. मुंबईच्या रस्त्यावर वाजतगाजत मिरवणूक काढली म्हणून इंग्रज सरकारने त्यांना पकडून शिक्षाही केली. केशवचंद्र सेनांसारखा ब्राह्मो समाजाचा पुढारी त्यांच्या बाजूने उभा राहिला.

आणि ज्या सरकारने यांना पकडलं, त्याच सरकारकडून पंचवीसेक वर्षांनी यांनी 'गुन्हेगार जमातीं'च्या, म्हणजे इंग्रजांच्या कायद्याने जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या लोकांच्या, वसाहती चालवायला घेतल्या. आंध्रातलं स्टुअर्टपुरम त्यातलंच. अशाच एका जमातीच्या, एरुकला लोकांना तिथे आणून बसवलं. हजेरी द्यायची, पासाशिवाय बाहेर पडायचं नाही, शेजारच्या चिराल्याच्या तंबाखू कारखान्यात राबायचं. शाळा होती, दवाखाना होता, काम होतं, हे खरंच आहे. पण तिथला माणूस काही करून पडलेला नव्हता, तो एका जमातीत जन्मला होता एवढंच. घोड्याला जे विचारायचं नाही असं बूथ म्हणत होते, ते इथे पाळण्यातच लिहून ठेवलं होतं.

तो काळच तसा होता, हे उत्तर मला पटत नाही. काळ तर काडेपेटीचाही तसाच होता, तिथे हे काळाशी भांडले. फरक एवढाच की लंडनमध्ये हे कारखानदाराच्या समोर उभे होते आणि इथे सरकारच्या शेजारी.

गुन्हेगार जमातींचा तो कायदा १९५२ मध्ये गेला. आपल्याकडे पारधी वस्तीत पोलिसांची गाडी आजही आधी शिरते, चोरी कुठेही झालेली असो. म्हणून मला वाटतं, मुक्तिफौजेच्या भारतातल्या कामाचा गौरव होतो तेव्हा स्टुअर्टपुरमचं नाव त्यांच्याच माणसांनी घ्यावं, आणि तिथल्या एरुकलांच्या नातवंडांना बोलायला माइक द्यावा. आत्याला हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "त्या सिस्टरला हे माहीत असेल का रे?"