‘सापडलं काय? काहीच नाही!’ : नेसीच्या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया झणझणीत होती, पण मुद्द्याची होती, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: स्कॉटलंडच्या लॉख नेस या तळ्यातला राक्षस, म्हणजे ‘नेसी’, ही भाकडकथा, तिच्यामागं सोनार (आवाजानं पाण्याखालचं शोधणारं यंत्र), ड्रोन आणि डीएनए लावणं म्हणजे अंधश्रद्धेला विज्ञानाचा अंगरखा चढवणं, एवढा खटाटोप करून सापडलं काय, तर काहीच नाही. आणि ज्या कोल्हापुरात गोविंद पानसरेंवर गोळ्या झाडल्या गेल्या, तिथल्या माणसानं रंकाळ्यावर बसून असल्या गप्पा मारण्यापेक्षा पंचगंगेचं पाणी तपासावं.

अंधश्रद्धेचं आधी घेतो. रंकाळ्याकाठचा नंदी गव्हाएवढा पुढं सरकतो आणि तांदळाएवढा मागं येतो, हे तुम्हीही लहानपणी ऐकलं असणार. दगडाशेजारी खडूची रेघ मारून महिन्याभरानं बघायला कितीसा खर्च येतो? पण अशी रेघ मारलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. नेसीचं बरं आहे, तिला कुणी शेंदूर फासला नाही. त्यामुळं १९३३ साली वर्तमानपत्रात बातमी आल्यापासून लोक तिच्यामागं रेघा मारत फिरताहेत. १९३४ चा तो लांब मानेचा प्रसिद्ध फोटो खेळण्यातल्या पाणबुडीवर नकली मुंडकं बसवून काढला होता, हेही अशाच खोदाखोदीतून १९९४ मध्ये जगजाहीर झालं.

आता तुमचं ‘काहीच नाही’. माझं खरं भांडण इथं आहे. ‘दिसलं नाही’ आणि ‘असतं तर दिसलं असतं’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि पहिल्यावरून दुसऱ्यावर जायला यंत्रं लागतात. लॉख नेस सुमारे ३७ किलोमीटर लांब आणि २३० मीटरपर्यंत खोल. पाण्यात पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याची, माती मिसळलेली, रंग चहासारखा. थोडं खाली गेलं की काळोख. काठावर दुर्बीण घेऊन जन्म काढला तरी तुम्ही फक्त वरचं पाणी बघितलं. म्हणून १९८७ मध्ये वीसहून जास्त बोटी एका ओळीत लावून सोनारचा पडदाच तळ्यातून ओढत नेला. तीन प्रतिध्वनी असे मिळाले की त्यांचा उलगडा झाला नाही. भाविकांना तेवढं पुरलं. पण सोनार म्हणजे आवाज सोडायचा आणि परत काय येतं ते ऐकायचं. सील असो, बुडालेलं लाकूड असो की गार-गरम पाण्याच्या थरांची सीमा, काही ना काही परत येतंच. २००३ मध्ये बीबीसीनं सोनारचे ६०० झोत आणि उपग्रहाचं मार्गदर्शन वापरून तळं पुन्हा विंचरून काढलं. मोठा प्राणी नाही.

२०१६ मध्ये मात्र पाण्याखालच्या रोबोला खरोखरच राक्षस दिसला! नऊ मीटर लांब, मान वगैरे सगळं जागच्या जागी. निघाला १९६९ सालचा, शेरलॉक होम्सच्या सिनेमासाठी बनवलेला पुतळा. दिग्दर्शकाला पाठीवरचे उंचवटे नको होते, ते काढले तसा तो तरंगेना आणि ओढून नेताना बुडाला. तुम्ही याला हसाल, मीही हसलो. पण नऊ मीटरची निर्जीव वस्तू तळाशी पडलेली या यंत्राला दिसते, हे कळलं की नाही? ‘असतं तर दिसलं असतं’ म्हणायला आधार मिळतो तो असा.

सगळ्यात वजनदार काम मला न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातले जनुकशास्त्रज्ञ नील गेमेल यांचं वाटतं. त्यांनी राक्षस शोधलाच नाही. २०१८ मध्ये तळ्याच्या निरनिराळ्या जागी, निरनिराळ्या खोलीवरून पाण्याचे सुमारे २५० नमुने घेतले. पाण्यात राहणारा किंवा पाण्यावर येणारा प्रत्येक जीव कातडीचे कण, खवले, बुळबुळीत स्राव, विष्ठा मागं सोडतो. पाणी बारीक गाळणीतून गाळायचं, गाळणीवर उरलेला डीएनए काढून वाचायचा आणि माहीत असलेल्या जीवांशी ताडून बघायचा. प्रश्न ‘नेसी आहे का’ असा नव्हता. ‘इथं कोण कोण आहे’ असा होता. २०१९ मध्ये उत्तर आलं: सरपटणाऱ्या प्राण्यांचा मागमूस नाही, म्हणजे प्लेसिओसॉर, डायनासोरांच्या काळातला लांब मानेचा पाण्यातला प्राणी, बाद. शार्क नाही, स्टर्जन नावाचा मोठा मासाही नाही. काठावरची माणसं, हरणं, मेंढ्या यांचा डीएनए मात्र मिळाला, आणि ईलचा, म्हणजे आपल्या वामसारख्या लांबट माशाचा, तर जिथं बघावं तिथं.

लगेच जगभर बातमी: नेसी म्हणजे महाकाय ईल! डीएनए माशाची जात सांगतो, लांबी सांगत नाही, म्हणून गेमेल यांनी ती शक्यता खोडली नव्हती, एवढंच. मग २०२३ मध्ये फ्लो फॉक्सन या संशोधकांनी पकडलेल्या ईलच्या मोजमापांवरून गणित मांडलं. एक मीटरचा ईल मिळण्याची शक्यता सुमारे ५०,००० त एक. सहा मीटरचा जवळजवळ अशक्य. याला ‘काहीच नाही’ कसं म्हणायचं?

एका ठिकाणी मात्र तुमच्याशी पूर्ण सहमत. ऑगस्ट २०२३ ची नेसी शोधायची ती मोठी मोहीम पर्यटनाचाच उद्योग जास्त होता. उष्णता टिपणारे कॅमेरे ड्रोनवर लावले, पण तो कॅमेरा पाण्याच्या पृष्ठभागाखाली बघूच शकत नाही. पाण्यातल्या मायक्रोफोनवर चार वेळा ‘ग्लूप’ असा आवाज ऐकू आला म्हणे, आणि नेमकी रेकॉर्डरची वायर जोडलेली नव्हती. गणपतीच्या मिरवणुकीत साउंडवाल्यानं असं केलं असतं तर मंडळाच्या पोरांनी त्याला जेवू घातलं नसतं.

राहिली पंचगंगा. गेमेल यांनी नेसीचं नाव घेतलं ते पर्यावरणीय डीएनए, म्हणजे पाण्यात सुटलेला डीएनए वाचायची ही पद्धत लोकांपर्यंत पोचावी म्हणून, आणि तुम्ही मागता ते काम याच पद्धतीचं आहे. मासे मरून वर आले की आपल्याकडं पाण्याचे नमुने जातात, त्यातला ऑक्सिजन मोजला जातो. त्यातून त्या वेळचं पाणी कळतं. नदीत कोण राहत होतं आणि आता कोण उरलंय, ते कळत नाही. आपल्या देशात हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत पर्यावरणीय डीएनएवर काम चालतं, म्हणजे स्कॉटलंडला जायची गरज नाही. माझ्या मते सुरुवात शिंगणापूर बंधाऱ्यापासून करावी, मग जयंती नाला मिसळतो त्याच्या वर आणि खाली, मग थेट रुई आणि तेरवाड. मांगूर आणि तिलापिया हे बाहेरून आलेले मासे किती पसरलेत हेही त्यात निघेल. रंकाळ्याचे दोन नमुने जोडीला घेतले तर उत्तम. शिवाजी विद्यापीठात प्राणिशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्रात तुमच्या ओळखीचं कुणी असेल तर गाठ घालून द्या. बाटल्या धरायला मी येतो, तुम्हीही या.