तीन फंक्शनांत व्हर्च्युअल टेबल होत नाही

"टेबल उघडा, पुढची ओळ द्या, बंद करा. ही तीन फंक्शनं लिहिली की व्हर्च्युअल टेबलचा प्लगइन तयार, बाकीचं ऑप्टिमायझर बघून घेतो." हा सल्ला सध्या सगळीकडे फिरतोय. (व्हर्च्युअल टेबल म्हणजे डेटाबेसमध्ये टेबलासारखं दिसणारं, पण ओळी बाहेरच्या स्रोतातून आणणारं टेबल; प्लगइन म्हणजे ते काम करणारा, सर्व्हरला जोडलेला कोड.) डेमोपुरता ठीक आहे. पण त्यावर विसंबून लोक प्रॉडक्शन सर्व्हरवर प्लगइन चढवतात, म्हणून हे लिहितोय.

आधी "ऑप्टिमायझर बघून घेतो" हे घ्या. ऑप्टिमायझर म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा डेटाबेसचा भाग. कशाच्या जोरावर बघणार? टेबलामागे लॉग फाइल आहे की दूरचा सर्व्हर, हे त्याला ठाऊक नसतं. तुम्ही सांगाल तेच तो धरून चालतो. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या नमुना स्टोरेज इंजिनात (डेटा साठवणाऱ्या-वाचणाऱ्या भागात) टेबलाची माहिती देणाऱ्या 'इन्फो' फंक्शनच्या वर स्पष्ट टीप आहे: ओळी किती हे माहीत नसेल तर निदान दोन सांगा. कमी सांगितल्या तर सर्व्हर टेबल एकाच ओळीचं समजून तसं ऑप्टिमायझेशन करतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये फॉरेन डेटा रॅपर (बाहेरचा डेटा टेबल म्हणून दाखवणारा कोड) लिहिताना ओळींचा अंदाज नि खर्च तुम्हीच द्यायचा. अंदाज फसला की टेबल नेस्टेड लूपच्या (एका टेबलाच्या प्रत्येक ओळीसाठी दुसरं टेबल पुन्हा वाचण्याच्या पद्धतीच्या) आतल्या बाजूला जाऊ शकतं, आणि बाहेरच्या एकेका ओळीसाठी दूरच्या सर्व्हरला पुन्हा विचारणा सुरू होते.

"पुढची ओळ दिली की पुरे" हेही खरं नाही. क्वेरीत ऑर्डर बाय (क्रम लावण्याची सूचना) आलं की मायएसक्यूएल काही वेळा पूर्ण ओळ न साठवता फक्त तिचा ठावठिकाणा ठेवतो आणि क्रम लावून झाल्यावर तीच ओळ परत मागतो. मागचा स्रोत एकदाच वाचता येणारा असेल तर ती कुठून आणणार?

वेअरची (कोणत्या ओळी हव्यात ते सांगणारी) अट स्वतः तपासायला घेतलीत तर जास्त सावध राहा. जास्तीच्या ओळी दिल्यात तर सर्व्हर पुन्हा तपासून गाळू शकतो. कमी दिल्यात तर एरर येत नाही, उत्तर मुकाट्याने चुकतं.

"क्रॅश झालाच तर प्लगइनपुरता" म्हणणाऱ्यांनी प्रोसेस कोणाची ते बघावं. प्लगइन सर्व्हरच्याच प्रोसेसमध्ये चालतो, म्हणून मायएसक्यूएलमध्ये अख्खा सर्व्हर पडतो. पोस्टग्रेसमध्ये एक बॅकएंड (एका जोडणीची प्रोसेस) कोसळला की शेअर्ड मेमरी (सगळ्यांची सामाईक मेमरी) बिघडली असेल या धास्तीने बाकीचेही बंद केले जातात.

प्लगइन चढवण्याआधी टेबलाचा स्वतःशीच जॉइन करून बघा. कर्सरची स्थिती (वाचन कुठवर आलं ती खूण) ग्लोबल, म्हणजे सगळ्यांना सामाईक, व्हेरिएबलमध्ये ठेवली असेल तर दोन वाचनं एकमेकांची जागा हलवतील आणि ओळी तिथेच गळताना दिसतील.