गायरानाच्या पैशांपलीकडे

शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी गावोगावच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा विषय निघाला की गावाकडच्या फोनवर एकच वाद ऐकू येतो: गायरान द्यायचं की नाही, आणि दिलं तर पैसे किती. ग्रामपंचायतीला मिळणारं अनुदान, खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं आणि शेतीला दिवसा वीज, सगळंच मोलाचं आहे. रात्री-अपरात्री बिबट्याच्या धास्तीत पाणी द्यायला जाणाऱ्याला दिवसाच्या विजेचं महत्त्व मी जर्मनीतून सांगायला नको. पण प्रकल्पाची मालकी कुणाची, हे कुणी विचारत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

इथे ब्लॅक फॉरेस्टमध्ये शोनाऊ नावाचं जेमतेम अडीच हजार वस्तीचं गाव आहे. १९८६च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर तिथल्या आईबापांनी अणुविजेविरुद्ध चळवळ उभी केली. दोन सार्वमतं जिंकली, देशभरातून देणग्या जमवल्या आणि १९९७ मध्ये गावातल्या विजेच्या तारा, खांब, सगळं जाळंच विकत घेतलं. आज त्यांची सहकारी संस्था जर्मनीभर वीज विकते. ग्राहकाच्या दरातला छोटा हिस्सा नव्या लहान प्रकल्पांसाठी बाजूला निघतो, म्हणजे एका गावाची कमाई दुसऱ्या गावाच्या छपरावर पॅनेल बसवते. आणि सहकारी कायद्यामुळे सभासदाचे भाग कितीही असोत, त्याला साधारणपणे मत एकच.

अर्थात नुसत्या जिद्दीवर हे पसरलं नाही. २००० सालच्या जर्मन कायद्याने सौर-पवनसारख्या अक्षय विजेला २० वर्षांचा ठरलेला दर दिला, म्हणून बँका लहान संस्थांनाही कर्ज देऊ लागल्या. पुढे ठरलेल्या दराऐवजी लिलाव आले, म्हणजे कमी दर मागेल त्याला काम. २०१७ मध्ये पवनऊर्जेची बहुतेक कामं कागदोपत्री नागरिकांच्या कंपन्यांनी जिंकली, पण त्यांतल्या अनेकींच्या मागे बडे विकासक होते. ते पाहून इथले लोक संतापले, आणि ते योग्यच होतं.

आपल्याकडे सौर वाहिनीचे वीजखरेदी करार २५ वर्षांचे आहेत. म्हणजे दराची हमी आहे, फक्त गाव मालक नाही. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या आल्या तेव्हाही घसाऱ्याच्या (यंत्राची किंमत दरवर्षी घटते म्हणून मिळणाऱ्या) करसवलतीसाठी बाहेरचा पैसा आला. साखर आणि दूध सहकारातून उभं करणाऱ्या महाराष्ट्राला हे शोभत नाही.

विजेत सहकार चालत नाही, असं म्हणताना नगर जिल्ह्यातल्या मुळा-प्रवरा या सहकारी वीज वितरण संस्थेचं उदाहरण हमखास पुढे येतं. ती थकबाकीत बुडाली आणि २०११ मध्ये तिचा परवाना गेला, हे खरं. पण तिचं काम वीज वाटून वसुली करण्याचं होतं. वीज तयार करून महावितरणला विकणाऱ्या संस्थेला घरोघरी वसुली करावी लागत नाही. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या धुंडीच्या शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी मंडळी काढून उरलेली वीज वीज कंपनीला विकून दाखवली आहे.

डेन्मार्कने २००९ मध्ये नव्या पवनचक्कीचे किमान २० टक्के भाग आसपासच्या रहिवाशांना देऊ करणं सक्तीचं केलं होतं. तशीच अट आपल्या निविदेत हवी. रोख गुंतवणूक गावाला जड जाते, म्हणून ग्रामपंचायतीला अनुदानाचा काही भाग प्रकल्पाच्या भागभांडवलात वळवण्याची मुभा द्यावी, आणि गायरानाचा ठराव करतानाच ग्रामसभेने ती मागणी लेखी नोंदवावी.