सीआरपी १४, ईएसआर ५२ आणि बाबांचा एएफ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मुलुंडहून तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया कडक आहे, पण त्यात तुमच्या बाबांबद्दलची काळजी आहे. म्हणून उत्तर लांबलं तरी चालेल. इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात : बाबा ६८ वर्षांचे, एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे एएफ (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार) आहे, रक्त पातळ करणारं ॲपिक्साबान आणि ठोके आवरणारं मेटोप्रोलॉल रोज चालू. चेकअपच्या पॅकेजमध्ये सीआरपी १४ आणि ईएसआर ५२ आला. या दोन्ही रक्ततपासण्या शरीरातला दाह (इन्फ्लमेशन) दाखवतात. कार्डिओलॉजिस्ट म्हणाले, हृदयासाठी यावर वेगळं औषध नाही, फिजिशियनना दाखवा. मागच्या लेखात ‘एएफमध्ये सीआरपीच्या आकड्यामागे धावू नका’ असं मी लिहिलं होतं, त्याला तुम्ही बेजबाबदार म्हटलं आहे. दाहामुळे एएफ होतो हे सिद्ध झालेलं असताना दाह कमी का करायचा नाही, आणि बाबांच्या गुडघ्यासाठी केमिस्टकडून आणलेली डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी व हळदीच्या कॅप्सूल यांनी सूज उतरत असेल तर त्या का घेऊ नयेत, असे तुमचे प्रश्न आहेत.

दाह आणि एएफ यांचा संबंध आहे, हे तुमचं म्हणणं बरोबर. २००१ पासूनच्या अभ्यासांत एएफ असलेल्यांचा सीआरपी इतरांपेक्षा जास्त आढळला आहे, आणि अधूनमधून येणाऱ्या एएफपेक्षा कायम टिकून राहिलेल्या एएफमध्ये तो आणखी जास्त. पण सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन आहे. शरीरात कुठेही दाह सुरू झाला की इंटरल्यूकिन-६ या संदेशवाहक प्रथिनाचा निरोप यकृताला जातो आणि ते सीआरपी सोडू लागतं. मग हे प्रथिन स्वतःच लय बिघडवतं का? कोपनहेगनमधल्या सुमारे ४७,००० लोकांवर २०१० मध्ये हेच तपासलं गेलं. जनुकांमुळे ज्यांचा सीआरपी जन्मापासून चढा असतो, त्यांना एएफ जास्त व्हायला हवा होता. तसं दिसलं नाही. दुसरा पुरावा २०१६ चा, चीनमधल्या शस्त्रक्रियांचा : हृदयाच्या ऑपरेशनआधी आणि नंतर रोज २० मिलिग्रॅम रोसुवास्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) दिल्यावर सीआरपी खाली आला, पण ऑपरेशननंतर होणारा एएफ कमी झाला नाही. आकडा उतरला, लय होती तिथेच राहिली.

म्हणजे दाह बिनमहत्त्वाचा असं नाही. वजन, मधुमेह, झोपेत श्वास अडकणं, दारू या गोष्टी दाहही वाढवतात आणि हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यावर, म्हणजे डाव्या कर्णिकेवर, ताणही आणतात. वरून एएफ स्वतःही थोडा दाह निर्माण करतो. म्हणून बाबांच्या रिपोर्टवर विचारायचा प्रश्न ‘१४ चा ५ कसा करू’ हा नाही, ‘हा १४ कुठून आला’ हा आहे. कार्डिओलॉजिस्टनी फिजिशियनकडे पाठवलं ते याचसाठी. त्यात टोलवाटोलवी नाही.

आता रिपोर्ट हातात घ्या आणि आधी एकक बघा. काही लॅब मिलिग्रॅम प्रतिलिटर लिहितात, काही प्रतिडेसिलिटर. ०.६ प्रतिडेसिलिटर म्हणजे ६ प्रतिलिटर. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून ‘दहापट वाढला’ म्हणून घाबरलेली माणसं कमी नाहीत. पॅकेजमध्ये बहुधा हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपी असतो. प्रथिन तेच, फक्त मोजणी बारीक. त्याची १ च्या खाली, १ ते ३, ३ च्या वर ही वर्गवारी हृदयविकाराचा पुढचा धोका जोखण्यासाठी आहे, आणि ती शांत काळातल्या आकड्याला लागू होते. १० च्या वर आकडा आला की तो त्या कामासाठी धरायचाच नसतो. आधी संसर्ग किंवा दुसरा दाह शोधायचा आणि साधारण दोन आठवड्यांनी टेस्ट पुन्हा करायची.

दोन आठवडेच का? रक्तातला सीआरपी साधारण १९ तासांत निम्मा होतो. कारण संपलं तर काही दिवसांत तो पूर्वपदावर येतो. दाताचं काम, लस, सर्दी-खोकला किंवा आदल्या दिवशीची जबर दमछाक, या सगळ्याने तो तात्पुरता चढतो. तेव्हा दोन आठवड्यांनी, अंगात कणकण नसताना, त्याच लॅबमध्ये केलेल्या टेस्टमध्येही १४ च असेल, तर आत काहीतरी चालू आहे असं समजायचं. ३ किंवा ४ आला, तर विषय तिथेच सोडायचा.

ईएसआर म्हणजे उभ्या नळीत लाल रक्तपेशी खाली बसण्याचा वेग. तो मात्र आळशी आहे. तो फायब्रिनोजेन आणि इम्युनोग्लोब्युलिन या रक्तातल्या प्रथिनांवर चालतो, त्यामुळे कारण गेल्यावरही आठवडेच्या आठवडे चढा राहतो. वयाबरोबरही वाढतो. पुरुषांसाठी ढोबळ नियम वयाच्या निम्म्याचा, म्हणजे बाबांसाठी ३४ पर्यंत ठीक. बायकांसाठी वयात १० मिळवून निम्मे करायचे. शिवाय नळी तिरकी राहिली किंवा खोली फार गरम असली की आकडा वाढतो, आणि सॅम्पल शिळं झालं की घटतो. साध्या तापमानाला ही टेस्ट चार तासांच्या आत लावायची असते. सकाळी सात वाजता घरून घेतलेलं सॅम्पल मध्यवर्ती लॅबमध्ये दुपारी पोचत असेल, तर ईएसआरवर फार भिस्त ठेवू नका. तेवढ्या टेस्टसाठी जवळच्या लॅबमध्ये जाऊन रक्त द्या.

तुमच्या प्रतिक्रियेत एक आकडा नाही, आणि मला सगळ्यात जास्त तोच हवा आहे : हिमोग्लोबिन. रक्तपेशी कमी असल्या की त्या नळीत भराभर खाली बसतात आणि ईएसआर चढतो. ॲपिक्साबान चालू असलेला ६८ वर्षांचा माणूस गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक घेतोय आणि ईएसआर ५२ आहे, हे ऐकल्यावर पहिली शंका पोटात हळूहळू रक्तस्राव होत असल्याची घ्यायला हवी. डायक्लोफिनॅकने जठराच्या अस्तराचं संरक्षण कमी होतं, आणि ॲपिक्साबानमुळे तिथली छोटी जखमही लवकर थांबत नाही. शौचाला डांबरासारखं काळं होतंय का, हे बाबांना स्पष्ट विचारा. लोहाच्या गोळ्यांनीही काळं होतं, त्या चालू आहेत का तेही पाहा. सीबीसी करा, मागच्या वर्षीच्या हिमोग्लोबिनशी तुलना करा आणि एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) पाहा. फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची टेस्ट) करणार असाल तर हे लक्षात ठेवा की दाहात फेरिटिन उगाच वर जातं. सीआरपी चढा असताना फेरिटिन ‘नॉर्मल’ दिसलं तरी लोहाची कमतरता असू शकते, म्हणून ट्रान्सफरिन सॅच्युरेशन सोबत करून घ्यावं.

म्हणून डायक्लोफिनॅक आजच बंद करा. ॲपिक्साबान मात्र स्वतःहून थांबवू नका, पक्षाघाताचा धोका त्यानेच अडवलेला आहे. काळी शौच, रक्ताची उलटी किंवा चक्कर असेल तर थेट हॉस्पिटलमध्ये न्यायचं, पुढच्या गोळीचं तिथले डॉक्टर ठरवतील. डायक्लोफिनॅकने सीआरपी थोडा उतरेलही, पण तीच गोळी रक्तदाब वाढवते, अंगात पाणी धरते, मूत्रपिंडावर भार टाकते आणि या तिन्हींमुळे एएफ बिघडतो. आयबुप्रोफेन, एसेक्लोफिनॅक, नायमेसुलाइड यांनाही हेच लागू. केमिस्टकडे ‘साधी पॅरासिटामॉल द्या’ म्हटलं तरी एसेक्लोफिनॅक मिसळलेली पट्टी हातात येऊ शकते. पट्टीच्या मागचं बारीक छापलेलं वाचा. दुखण्यासाठी नुसती पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दिवसात सगळी मिळून ३ ग्रॅमच्या आत, यकृत ठीक असेल तर चालते. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉमवर असणाऱ्यांनी ती सलग काही दिवस घेतली तर आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा) वाढू शकतो, त्यांनी तो तपासावा.

भाजी-आमटीतली हळद खुशाल खा. कॅप्सूलची गोष्ट वेगळी. त्यात कर्क्युमिन कित्येक पटींनी असतं आणि ते शोषलं जावं म्हणून बहुतेकदा मिरीतलं पायपरिन घातलेलं असतं. ॲपिक्साबान ज्या मार्गांनी शरीराबाहेर जातं, तेच मार्ग पायपरिन अडवू शकतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर असा प्रयोग नको.

गुडघ्याबद्दल थोडं. वयाप्रमाणे झिजलेल्या गुडघ्याने सीआरपी सहसा १४ वर जात नाही. गुडघा लाल, गरम, टम्म फुगलेला असेल तर गाऊट किंवा सांध्यातला संसर्ग, आणि ॲपिक्साबानवर असताना सांध्यात रक्त साठणं, हेही डोक्यात ठेवावं लागतं. लघवीची गोळी चालू असणाऱ्यांना गाऊट जास्त होतो. त्यावर कोल्चिसिन हे गाऊटचं औषध लिहिलं गेलं, तर बाबांच्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांसमोर ठेवा. डिल्टियाझेम, व्हेरापामिल किंवा क्लॅरिथ्रोमायसिनबरोबर कोल्चिसिन रक्तात साठून विषारी ठरू शकतं.

गुडघा निर्दोष निघाला तर फिजिशियन हिरड्या, लघवी, छातीचा एक्स-रे आणि थायरॉइड तपासतील. थायरॉइड सोडू नका. सबअक्यूट थायरॉइडायटिसमध्ये मान पुढून दुखते, ईएसआर खूप चढतो, आणि सांडलेल्या थायरॉइड हार्मोनमुळे एएफ उसळतो. दोन्ही आकड्यांमागचं कारण एकाच ठिकाणी सापडतं. पन्नाशीनंतर सकाळी दोन्ही खांदे आणि मांड्या आखडत असतील तर पॉलिमायल्जिया हा दाहाचा आजार असू शकतो. ईएसआर चढा पण सीआरपी नॉर्मल आणि हिमोग्लोबिनही कमी, असं चित्र असेल तर सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तातल्या असामान्य प्रथिनांची तपासणी) करायला सांगतात.

आणि मुंबईत राहतो म्हणून टीबी. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं असेल तर थुंकीची तपासणी पालिकेच्या दवाखान्यात मोफत होते. टीबी निघालाच, तर पहिल्याच दिवशी सांगा की बाबा ॲपिक्साबान घेतात. टीबीच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन ॲपिक्साबान, रिव्हारोक्साबान, डॅबिगॅट्रान या तिघांचंही रक्तातलं प्रमाण इतकं खाली आणतं की गुठळीपासून संरक्षणच उरत नाही. वॉरफरिनचा डोसही बराच वाढवावा लागतो. छातीचे डॉक्टर आणि कार्डिओलॉजिस्ट वेगवेगळ्या इमारतींत बसतात. ही चिठ्ठी इकडून तिकडे घरच्यांनाच न्यावी लागते.

सीआरपी चढा म्हणून केमिस्टकडून अँटिबायोटिक आणू नका. अझिथ्रोमायसिन आणि लेव्होफ्लॉक्सासिन ईसीजीतलं क्यूटी नावाचं अंतर लांबवतात. लय सांभाळणारं अमिओडॅरोन किंवा सोटॅलॉल चालू असेल तर त्यातून धोकादायक लय उद्भवू शकते. क्लॅरिथ्रोमायसिनने ठोके आवरणाऱ्या डिगॉक्सिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं. पावसाळ्यात हिंदमाता किंवा कुर्ल्याच्या तुंबलेल्या पाण्यातून जावं लागलं, तर लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी पालिका ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन घ्यायला सांगते. ती जरूर घ्यावी, फक्त वॉरफरिनवाल्यांनी आयएनआर बघावा. डेंग्यूत प्लेटलेट रोज मोजाव्या लागतात. त्या ५०,००० कडे उतरू लागल्या की ॲपिक्साबान चालू ठेवायचं की थांबवायचं, हा निर्णय त्याच दिवशी डॉक्टरांनी घ्यायचा असतो.

दोन आठवडे थांबून पुन्हा टेस्ट करा, हे मी वर लिहिलं, पण ते सगळ्यांना लागू नाही. पेसमेकर असेल आणि त्यावरची त्वचा लाल, दुखरी किंवा पातळ झाली असेल, तर सीआरपी नॉर्मल आला तरी संसर्ग नाही असं म्हणता येत नाही. तिथे सुई घालून पाणी काढू द्यायचं नाही, आणि अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर घ्यायचं. कृत्रिम झडप किंवा संधिवाताच्या तापाने खराब झालेली झडप असेल आणि ताप येत असेल, तर तिथेही कल्चर आधी. एएफसाठी अब्लेशन (हृदयातले लय बिघडवणारे भाग नळीतून निकामी करणं) झालेल्यांमध्ये पहिल्या काही दिवसांत सीआरपी चढणं आणि धडधड परतणं अपेक्षित आहे. पण अब्लेशननंतर एक ते आठ आठवड्यांत ताप, गिळताना दुखणं, छातीत दुखणं किंवा हातापायातली ताकद अचानक जाणं, यांपैकी काही झालं तर ते अन्ननलिका आणि कर्णिका यांच्यात पडलेलं भोक असू शकतं. अब्लेशन केलेल्या हॉस्पिटलमध्ये थेट जा, ‘अब्लेशन झालंय’ हे दारातच सांगा, छातीचा सीटी करायला लावा. तिथे एंडोस्कोपी करायची नाही, कारण आत भरलेली हवा त्या भोकातून रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकते.

दर महिन्याला सीआरपी करावा का, हेही तुम्ही विचारलंय. कारण सापडलं असेल तर त्या आजाराचे डॉक्टर सांगतील तेव्हा, नाहीतर नको. बाबांच्या एएफसाठी तेच पैसे घरच्या रक्तदाबाच्या मशीनला द्या. ठोके अनियमित असल्यामुळे एका वेळी तीन मोजण्या घेऊन सरासरी लिहा. झोपेत घोरून श्वास थांबत असेल तर स्लीप स्टडी करून घ्या. वजन जास्त असेल तर ते १० टक्के उतरवल्याने एएफचे झटके स्पष्टपणे कमी होतात, हे अभ्यासांत दिसलं आहे, आणि वजनाबरोबर सीआरपीही उतरतो. हिमोग्लोबिनचा आकडा आला की इथेच लिहा.