गाडी उचलली, इंजिन उरलं

एमजीएफ या गाडीचं इंजिन काढायला घेतलं की पहिल्याच दिवशी एक गोष्ट मान्य करावी लागते. इंजिन गाडीतून निघत नाही, गाडी इंजिनावरून निघते. इंजिन बसवलंय दोन सीटांच्या मागे, डोक्यावर कापडी टप. खाली सबफ्रेम नावाचा लोखंडी सांगाडा, आणि त्यावर इंजिन, गिअरबॉक्स, मागची चाकं, ब्रेक असं सगळं एकत्र कुटुंब नांदतं. हे कुटुंब हलवायचा सरळ मार्ग म्हणजे सांगाड्याचे बोल्ट सोडवायचे, इंजिनासकट तो जमिनीवर टेकवायचा आणि उरलेली गाडी क्रेनने मागून कमरेएवढी वर उचलायची. बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला, आमच्या घरासमोरच्या ड्राइव्हवेवर हे करायचं मी जाहीर केलं तेव्हा बायकोने एवढंच विचारलं, "आणि गाडी वर असताना तू कुठे असणार?"

प्रश्न बिनतोड होता. पुढची सगळी खटपट त्याच प्रश्नाच्या उत्तरासाठी.

काढायचं कारण गंज. इथे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून पोत्यांनी मीठ ओततात. ते मीठ चाकांनी उडतं, सांगाड्याच्या पोकळीत जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं निवांत लोखंड खातं. तीन वर्षांवरच्या गाड्यांची दरवर्षी एमओटी नावाची तपासणी होते. सांगाडा बॉडीला जिथे धरलेला असतो, त्या जागेपासून 30 सेंटिमीटरच्या आत गंजाने भोक पडलेलं दिसलं की गाडी नापास. आमच्या गाडीच्या बाबतीत तपासनीसाला शोधावं लागलं नाही. त्याने स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो आत गेला. मग एका गॅरेजवाल्याने मजुरीचा आकडा सांगितला. तेवढ्यात आणखी एक एमजीएफ आली असती.

याच सुमारास आई-बाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आले होते. बाबा एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून निवृत्त झालेले. इंग्लंडमध्ये आल्यापासून त्यांच्या हाताला काम नव्हतं. बागेतल्या बाकावर बसून ते शेजाऱ्यांच्या गाड्यांचे आवाज ऐकत आणि निदान करत. "त्या निळीचं बेअरिंग गेलंय, सांग त्याला." कोण सांगणार?

"ही कुणाची गाडी?" त्यांनी आमच्या एमजीकडे बघून विचारलं. मी वंशावळ सांगितली. एमजी होती ब्रिटिश लेलँडकडे, 1986 मध्ये त्या लेलँडचं नाव झालं रोव्हर ग्रुप, त्यांनी 1995 मध्ये ही गाडी काढली, आणि कारखाना म्हणाल तर हा इथेच, लाँगब्रिजला. बाबांनी रोव्हर वगैरे काही ऐकलं नाही.

"म्हणजे लेलँडच की," ते म्हणाले. एसटीत अशोक लेलँडच्या गाड्यांखाली त्यांची हयात गेलेली. त्यांनी शर्टाच्या बाह्या सरसावल्या. त्या क्षणापासून मी मालक उरलो नाही, हेल्पर झालो.

बाबांचा पहिला नियम: जॅक उचलायला, स्टँड तोलायला. जॅकचं सील कधी दम सोडेल याची खात्री त्याला बनवणारासुद्धा देत नाही. म्हणून जॅकने उचलायचं, लगेच खाली स्टँड लावायचे, गाडी त्यांच्यावर उतरवायची, मग बॉडीला हात लावून जोरात हलवून बघायचं. हलली तर आपण खाली जायच्या आधीच हलली हे नशीब. विटा, लाकडी ओंडके, रिकामे ड्रम असल्या वस्तूंवर त्यांचा राग एखाद्या जुन्या वैऱ्यावर असावा तसा होता. कॉंक्रीटचा ब्लॉक दिसायला दणकट, पण पोकळ ब्लॉक फुटताना आगाऊ सूचना देत नाही. स्टँडखाली जाड प्लायवूडचे तुकडे घाला, असं मी सुचवलं, कारण उन्हात डांबर मऊ होतं आणि स्टँडचे पाय आत रुततात.

"इथे? डांबर? ह्या उन्हात?" बाबा आकाशाकडे बघून मनमुराद हसले. मग त्यांनी प्लायवूड घातलं.

दुसरी अडचण सस्पेन्शनची. या गाडीला स्प्रिंगा नाहीत. त्यांच्या जागी हायड्रागॅस नावाचा प्रकार आहे. अलेक्स मोल्टन नावाच्या इंग्रज इंजिनिअरच्या डोक्यातून निघालेला. लहान चाकांची सायकल काढली तेच हे मोल्टन. धातूच्या गोळ्यात कोंडलेला नायट्रोजन स्प्रिंगचं काम करतो, आणि एका बाजूचं पुढचं व मागचं चाक द्रवाच्या नळीने जोडलेलं असतं. पुढचं चाक खड्ड्यात गेलं की मागच्याला आधीच बातमी लागते. कल्पना सुंदर, पण त्या नळीत टायरमधल्या हवेच्या दहापटीहून जास्त दाब असतो, आणि तो दाब नट ढिला करून घालवायचा नसतो. त्याचा खास पंप असलेला माणूस बोलवावा लागतो. तो आला, पंप जोडला, आणि गाडी हळूहळू चाकांवर खाली बसत गेली. बाबा त्या पंपाभोवती फिरून फिरून बघत होते. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी निघताना तो माणूस मला डावलून बाबांशी हात मिळवून गेला.

पेट्रोलचं प्रकरण मात्र थेट देवघरापर्यंत गेलं. पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवायचं म्हणजे नळीतला दाब उतरतो, मग बॅटरी सुटी करायची, हे सगळं झालं. तरी नळी सोडली की थोडं पेट्रोल सांडतंच, आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती वर न जाता जमिनीवरून सरपटते. आमच्या स्वयंपाकघराचं दार ड्राइव्हवेला लागून आणि त्या दाराशीच आईने मांडलेले देव. मी अग्निशामक नळकांडं हाताशी ठेवलं आणि आईला सांगितलं, नळ्यांची तोंडं बंद होईपर्यंत उदबत्ती नको, निरांजनही नको.

"देवाला काय सांगू?"

"इंजिन निघालं की लावतो म्हणावं."

आईने देवाला काय सांगितलं ते माहीत नाही, पण त्या संध्याकाळी तिने फुलं दुप्पट वाहिली. शेजारच्या मांजरावरही बंदी आली. रेडिएटरमधलं अँटिफ्रीझ मिसळलेलं पाणी चवीला गोड असतं आणि मांजरांना थेट विषारी. ते झाकणाच्या कॅनमध्ये भरलं. गटारात ओतायचं नसतंच.

आता खरं काम. लोकांना वाटतं कष्ट उचलण्यात असतात. उचलतो क्रेन. कष्ट असतात सोडवण्यात. गिअरच्या केबला, हँडब्रेकच्या केबला, ब्रेकच्या नळ्या, पुढच्या रेडिएटरकडे गाडीखालून जाणारे लांबलचक पाइप, ॲक्सिलरेटरची तार, सेन्सरांच्या वायरी. प्रत्येक वस्तूला एक बोल्ट, आणि तो हात पोचणार नाही तिथेच. बाबांचा आग्रह असा की निघालेला प्रत्येक बोल्ट त्याच्या वायसरसकट वेगळा ठेवायचा आणि त्यावर नाव पाहिजे. मी झिपच्या प्लास्टिक पिशव्या आणून त्यांवर मार्करने लिहून ठेवलं होतं: 'हँडब्रेक केबल, उजवी', 'मागचा माउंट, लांब'. बाबांनी पिशव्यांकडे तुच्छतेने पाहिलं. पिशवी हातात धरली की बोल्ट दिसत नाही, पिशवी उघडली की सांडतात. ते आत गेले आणि आईने सुनेसाठी पुण्याहून आणलेला मिसळणाचा डबा घेऊन आले. कोरा, जाड स्टीलचा, सात वाट्यांचा. मोहरीच्या वाटीत ब्रेकचे, हळदीच्या वाटीत गिअरचे, मधल्या वाटीत सांगाड्याचे.

त्या सांगाड्याच्या एका बोल्टने आमची दुपार खाल्ली. बोल्ट ज्या नटात जातो तो बॉडीच्या आत वेल्ड केलेला. बोल्ट तुटला तर बॉडी कापावी लागते, म्हणून जोर करायचा नाही. गंज सुटायचं तेल आधीपासून रोज मारत आलो होतो. पान्याला लांब पाइप लावला. बाबा उताणे झोपले. खाली पडणारा गंज डोळ्यांत जातो म्हणून मी त्यांना गॉगल दिला. "आम्ही डोळे मिटायचो," ते म्हणाले, पण नातवासमोर घालून घेतला. त्यांनी बोल्ट सोडवायच्या आधी चक्क थोडा आवळला. कर्र असा आवाज आला. मग पाव आटा सोडला, पुन्हा आवळला, तेल मारलं, पुन्हा सोडला. प्रत्येक वेळी आट्यांतून लाल भुकटी गळत होती. तो निघाला तेव्हा अर्ध्याहून अधिक बारीक झालेला होता. आटे नावाला. बाबांनी तो पुसून मधल्या वाटीत ठेवला आणि म्हणाले, "हा परत लावायचा नाही. पण टाकायचाही नाही. नवा मागवताना लांबी कशावरून सांगशील?"

उचलायच्या दिवशी शेजारचे आजोबा आले. 2005 मध्ये लाँगब्रिजचा कारखाना बंद पडेपर्यंत त्यांनी तिथल्या गाड्या जोडायच्या ट्रॅकवर काम केलेलं. ते चहाचा मग घेऊन कुंपणाशी उभे राहिले आणि अत्यंत सभ्यपणे म्हणाले, "आमच्याकडे हे उलट्या क्रमाने व्हायचं. आणि जरा लवकर."

सांगाडा चाकांच्या लाकडी पाटावर टेकवला. क्रेनचा पट्टा बॉडीला. मी तरफ मारतोय, बाबा चाकाच्या कमानीतून बघतायत, आजोबा दुसऱ्या बाजूला. गाडीखाली कुणी नाही. दोरीला लटकलेल्या वजनाखाली कुणी जायचं नाही, यावर दोघांचं भाषेविना एकमत होतं. बॉडी चार बोटं उचलली आणि पाटही तिच्याबरोबर एका बाजूने हलला.

"थांब!" मराठीत आणि इंग्रजीत एकदमच आलं.

काहीतरी अडकलं होतं. असं काहीतरी अडकतंच. आजोबांनी न बघता गिअरबॉक्सच्या मागे बोट दाखवलं. अर्थिंगची पट्टी, बॉडीला धरून. वजन पुन्हा खाली उतरवलं, पट्टी सोडवली आणि मग गाडीचा मागचा भाग संथपणे वर गेला. इंजिन गेलं की मागचा भाग हलका आणि तोल पुढे सरकतो, म्हणून पुढचे स्टँड आधीच आणखी पुढे घेतले होते. पाट ओढून इंजिन बाहेर काढलं, बॉडीखाली मागे उंच स्टँड लावले, क्रेन सोडली. बायको खिडकीतून बघत होती. मी दोन्ही हात वर करून दाखवले की मी इथे आहे, गाडीखाली नाही.

नवा सांगाडा रंगायला गेलाय. तो येईपर्यंत इंजिन ताडपत्रीखाली आणि बोल्ट डब्यात. डबा हलवायला बाबांची परवानगी नाही. मग मसाले कुठे ठेवायचे? आईने माझ्या न वापरलेल्या पिशव्या उचलल्या. मार्कर पुसला जात नाही. काल बायको वरणाला फोडणी देत होती, तेल तापलेलं, आणि ती ओरडली, "आई, हिंग कुठंय?"

"अगं, 'मागचा माउंट, लांब' मध्ये," आतून आई म्हणाली. "आणि हळद संपत आलीय हो. 'हँडब्रेक उजवी' भरून ठेवायला पाहिजे."